‘थ्री शीट्स टू द विंड’मधलं शीट म्हणजे शीड का?

शब्दवेडा: दारू पिऊन तर्र झालेल्याला इंग्रजीत ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ एका भाषांतरात ‘वाऱ्यावर सोडलेली तीन शिडं’ असा दिलाय. पण शिडं वाऱ्यावर सोडली तर जहाज पुढे जाईल, झोकांड्या का खाईल? आणि ‘बाय अँड लार्ज’, ‘पॉश’ हेही जहाजावरचेच का?

सुकाणू: शंका रास्त आहे. शीट म्हणजे शीड नव्हे, दोर. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला तो बांधलेला असतो आणि तो ओढून किंवा सैल सोडून शीड ताब्यात ठेवतात. तो सुटला की शीड नुसतं फडफडतं, वारा धरत नाही, आणि जहाज लाटांवर हेलकावत राहतं. जरा चढली असेल तर एकच शीट सुटलं म्हणायचे, पुरती चढली की तीन. हा प्रयोग १८२१पासून छापील सापडतो. जुनं रूप ‘इन द विंड’, ‘टू’ नंतरचा.

‘बाय अँड लार्ज’ नक्की जहाजावरचा. ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला जमेल तितकं जवळून जाणं. आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडं असलेलं जहाज साधारण सहा पॉइंटांपेक्षा जवळ जाऊ शकत नसे. पॉइंट सव्वाअकरा अंशांचा, म्हणजे साडेसदुसष्ट अंश. ‘लार्ज’ म्हणजे वारा मागच्या अंगाने घेऊन जाणं. दोन्ही तऱ्हांनी चांगलं चालतं ते जहाज एकंदरीत चांगलं, त्यावरून आजचा अर्थ.

‘बाय’ जाताना सुकाणू थोडं जास्त वळलं तर वारा शिडांच्या पुढच्या बाजूवर आदळतो. शिडं डोलकाठीवर दाबली जातात, जहाज थबकतं, मागे रेटलं जातं. जोराच्या वाऱ्यात काठीच मोडते, कारण तिचे आधार मुख्यतः मागून येणारा जोर पेलण्यासाठी बांधलेले असतात. हेच ‘टेकन अबॅक’. आपलं ‘अवाक होणं’ त्याच्या फार जवळचं आहे.

पानवाचक: ‘पॉश’ मात्र नाही. मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली सावलीत, म्हणून तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापत, असं सांगतात. असं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. शब्द १९१४पर्यंत ‘झोकदार’ या अर्थी वापरात आला होता; ही गोष्ट छापील दिसते ती १९३०च्या दशकात.

शब्दवेडा: आणि ‘बिटर एंड’?

सुकाणू: नांगराचा दोर डेकवरच्या ज्या मजबूत खुंटांना गुंडाळतात ते ‘बिट्स’. दोराचा जहाजातच राहणारा भाग म्हणजे ‘बिटर्स एंड’, असं कॅप्टन जॉन स्मिथने १६२७च्या नाविक पुस्तकात नोंदवलंय. तिथपर्यंत दोर सुटला की पुढे सोडायला काही उरत नाही. पण बायबलच्या नीतिसूत्रांतही कडू शेवटाची उपमा आहे, त्यामुळे कडवटपणाची छटा तिथूनही आली असू शकते. भाषांतरात ‘अगदी शेवटपर्यंत’ चालेल, ‘कडू शेवट’ नको.