वर्तुळ, वर्तमान, वार्ता, निवृत्ती... सगळं एकाच धातूतून?

चिंचगुळ: बाबा गेल्या महिन्यात निवृत्त झाले, कार्डावर तो शब्द बघून डोक्यात किडा वळवळायला लागला की निवृत्ती, प्रवृत्ती, वर्तुळ, वर्तमान हे सगळं एकाच धातूचं आहे का? आणि मूळ अर्थ काय, गोल फिरणं की असणं?

खडीसाखर: हो, वृत् धातू. धातुपाठात (संस्कृत धातूंची जुनी यादी) 'वृतु वर्तने', पहिला गण, आत्मनेपद (म्हणजे रूप वर्तते असं होतं). मूळ अर्थ वळणं, फिरणं, त्यातूनच पुढे घडणं, असणं, वागणं (आपलं वर्तन) असं होत गेलं. प्र लावलं की पुढे वळणं, नि लावलं की मागे फिरणं, म्हणजे बाबा ऑफिसातून परत फिरले बघ 😄 लॅटिन व्हर्टेरे पण याचंच भावंड, त्यातूनच आपल्या गाडीचा रिव्हर्स आला.

उंबरठा: घरातले शब्द विसरलात की! वाट म्हणजे वर्त्मन्, समईतली वात म्हणजे वर्ति (वळूनच करतो ना आपण), आणि वाटोळं पण याच घरातलं.

चिंचगुळ: वाटोळं 😂 आणि मग आवरण, आवृत?

खडीसाखर: नाही, तो वृ, झाकणं. आवृत म्हणजे झाकलेलं, आवृत्त म्हणजे परत आलेलं, एका त चा फरक, माझीही कायम गडबड होते.

उंबरठा: अजून एक भारी गोष्ट, तुर्कस्तानात हत्तुशाला (हित्ती लोकांची प्राचीन राजधानी) मातीच्या पाट्यांवर कोरलेला घोडे तयार करण्याचा मजकूर सापडला, किक्कुली नावाच्या मितान्नी (सीरियाकडचं प्राचीन राज्य) माणसाचा, त्यात फेऱ्यांसाठी ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न असे शब्द आहेत, म्हणजे एक फेरी, तीन, पाच; त्यातलं वर्तन्न म्हणजे हाच वृत्. सुमारे ३,४०० वर्षं जुना!