विंचू चावला आणि गोळी रक्तदाबाची?

मंडणगडकर:
परवा लाकडं काढताना आईला लाल विंचू चावला. दरदरून घाम, हातपाय गार. डॉक्टरांनी प्राझोसिन दिली. ती तर रक्तदाबाची ना? आता बरी आहे, पण मला कोडं सुटेना.

सिस्टरताई:
बरोबरच दिली. या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं. प्राझोसिन वाहिन्या सैल करते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आहे हे.

जुना महाडकर:
२०११ साली त्यांची ७० रुग्णांवरची चाचणी छापून आली. नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी १७.७ तास, जोडीला प्रतिविष दिलं तर ८. प्रतिविष दिलं होतं का?

मंडणगडकर:
हो, सलाईनमधून. आई मात्र श्रेय विंचू उतरवणाऱ्या आजोबांना देतेय!