मॉरिशसची मॅरेथॉन आणि तिथली धोलपुरी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची. यवतेश्वरच्या घाटात सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा धावले. जुलैत मॉरिशसला पहिल्यांदाच पूर्ण ४२.१९५ किमी धावणार आहे. तिकडे तेव्हा हिवाळा असतो, तरी समुद्रकाठच्या दमट हवेची मला सवय नाही. मीठ-पाण्याचं गणित कसं जमवता?

दुसरं, खाणं. धोलपुरी, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी (आपल्या पुरणपोळीसारखी, पण गोड नाही), सोबत शेंगदाण्यांची नव्हे तर घेवड्याच्या दाण्यांची रस्साभाजी नि चटणी. ती मला खायचीच आहे! आदल्या रात्री चालेल, की धावून झाल्यावरच? पहाटेसाठी इथून दशम्या नेल्या तर टिकतील? तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे कुणी जेवलंय का?