जरीमरीच्या हवेत विमानांच्या धुराचा वाटा किती, हे कसे मोजावे?

प्रश्न : जरीमरीची रहिवासी

सप्रेम नमस्कार. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि जन्मापासून जरीमरीत, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कुंपणालगतच्या वस्तीत राहते. घाटकोपरकडून उतरणारे विमान आमच्या गच्चीवरून जाते तेव्हा आईला बोलणे मध्येच थांबवावे लागते. दुपारी वारा सुटला की घरात रॉकेलसारखा वास येतो, आणि खिडकीचे गज दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसले तर फडके काळे होते. धाकट्या भावाला दमा आहे. प्रबंधिकेसाठी मी विमानांच्या धुराचा आरोग्यावरील परिणाम हाच विषय निवडला आहे. परंतु अंधेरी-कुर्ला रस्त्यावर वाहतूक इतकी आहे की विमानाचा धूर तीतून वेगळा काढता येणार नाही, असे मार्गदर्शकांचे मत आहे. पीएम २.५ च्या, म्हणजे हवेतील अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या आकड्यांत मलाही काही वेगळे दिसले नाही. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : कणमोजणी

आपल्याला काही दिसले नाही, कारण पीएम २.५ हे वजनाचे माप आहे. जेट इंजिनातून निघणारे बहुतेक कण १० ते २० नॅनोमीटरचे असतात. अडीच मायक्रॉनच्या (२,५०० नॅनोमीटरच्या) एका कणाइतके वजन भरण्यास २० नॅनोमीटरचे सुमारे साडेएकोणीस लाख कण लागतात. त्यामुळे हवेत असे कण कितीही वाढले तरी वजनाचा काटा जवळपास हलत नाही, आणि म्हणून ते संख्येने मोजावे लागतात. त्यासाठीच्या यंत्रात ब्युटेनॉलची वाफ कणांवर जमवून त्यांना फुगवतात आणि मग प्रकाशाच्या झोतात एकेक मोजतात. आपल्याकडील हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या मानकांत बारा प्रदूषके आहेत, त्यांत अतिसूक्ष्म कणांची संख्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शनापुरते एवढे सांगितले की चोवीस तासांची सरासरी घनसेंटिमीटरला १०,००० कणांच्या वर गेली तर ती जास्त समजावी.

लॉस एंजेलिसच्या विमानतळाभोवती गाडीत यंत्रे ठेवून केलेली मोजणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. वाऱ्याच्या दिशेने १० किलोमीटरवरही कणांची संख्या एरवीच्या हवेपेक्षा चौपट आणि १६ किलोमीटरवर दुप्पट होती. महामार्गाचा प्रभाव काही शे मीटरांत ओसरतो, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे गांभीर्य कळते. सिअ‍ॅटलच्या अभ्यासात विमानांचे कण रस्त्यावरच्या कणांपेक्षा लहान निघाले, म्हणजे आकारावरून दोहोंची फारकत करता येते. इंधनही वेगळे आहे: बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १०, तर विमानाच्या इंधनात ३,०००. हे गंधक नवे कण तयार होण्यास मोठा हातभार लावते.

मात्र गजांवरची काळी पूड पुरावा म्हणून मांडू नका. ती बहुतांशी रस्त्याची, टायरांची आणि बांधकामांची असते. ज्या कणांची आपल्याला चिंता आहे ते फडक्यावर दिसणारच नाहीत.

उत्तर : रॅम्पवरचा माणूस

ताई, मी विमानतळावर बावीस वर्षे रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर काम केले आहे, म्हणून वासाबद्दल लिहितो. तो वास बहुधा डोक्यावरच्या विमानाचा नसून जमिनीवर रांगेत थांबलेल्या विमानांचा असावा. आंतरराष्ट्रीय नियमांत उतरणे-उडणे या चक्राचा हिशेब करताना उड्डाणाला ०.७ मिनिट, उतरण्याला ४ मिनिटे आणि जमिनीवरच्या टॅक्सीला, म्हणजे विमानाने धावपट्टीपर्यंत हळूहळू जाण्या-येण्याला, तब्बल २६ मिनिटे धरतात. टॅक्सी करताना इंजिन ७ टक्के जोरावर चालते, ज्वलन अपुरे राहते आणि न जळालेले इंधन व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडते. पूर्ण जोरावर उलट नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात.

आता मुख्य मुद्दा. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे छेदाच्या ठिकाणी काम निघाले की दोन्ही बंद ठेवाव्या लागतात. ७ फेब्रुवारी ते ३० मार्च २०१९ या काळात मंगळवार, गुरुवार, शनिवार असे २२ दिवस सकाळी ११ ते सायंकाळी ५ विमाने बंद होती, आणि रस्ते मात्र नेहमीसारखे वाहत होते. त्या वेळी वारा समुद्राकडून, म्हणजे विमानतळावरून आपल्या वस्तीकडे येतो. सोमवार, बुधवार, शुक्रवारचे तेच तास तुलनेला आयते मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत गाड्याही थांबल्या होत्या, म्हणून ती या कामाची नाही. पावसाळ्याच्या आधी व नंतर असा सहा तासांचा बंद अलीकडे दरवर्षी असतो. फक्त बंदच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांत उड्डाणे दाटतात, ते तास हिशेबात वेगळे ठेवा.

उत्तर : श्वसनरोग ओपीडी

रॅम्पवरच्या दादांनी सांगितलेली रीत मला फार मोलाची वाटते. कॅलिफोर्नियात याच धाटणीचा एक अभ्यास झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर विमाने रखडली की कॅलिफोर्नियातही टॅक्सीचा वेळ वाढतो. स्थानिक कारण नसताना वाढलेल्या या धुराच्या दिवशी श्वसनाचे व हृदयाचे रुग्ण वाढतात का, हे तपासले, आणि ते वाढलेले आढळले. लॉस एंजेलिसमध्येच दमा असलेल्या २२ प्रौढांना विमानतळावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या बागेत दोन तास चालवल्यावर रक्तातील दाहाचा एक निर्देशक वाढला होता.

तरी दोन गोष्टींचे भान हवे. विमानाचा आवाज हा स्वतंत्र घटक आहे. रात्रीच्या आवाजाने रक्तदाब वाढतो आणि आवाज व धूर बहुधा एकाच घरात पोहोचतात. दुसरे म्हणजे डासांची कॉइल, धूप आणि फोडणी यांचा धूर. ज्या घरात कॉइल जळते तिथला खोकला विमानाच्या माथी मारला गेला, तर सगळा अभ्यास एका प्रश्नात कोसळेल. मुलांना पीक फ्लो मीटर (जोराने सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणारे छोटे साधन) देऊन सकाळ-संध्याकाळची नोंद वहीत ठेवा, आणि नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. भावाचा इन्हेलर मात्र कोणत्याही कारणाने थांबवू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. गजांवरच्या पुडीचे छायाचित्र प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लावले होते, ते काढले. २०१९ मधील त्या २२ दिवसांच्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या तासागणिक नोंदी जवळच्या मापनकेंद्राकडे आहेत का, ते सोमवारी विचारते. कणमोजणीचे यंत्र मिळाले, तर एक ठिकाण आमची गच्ची आणि दुसरे वाऱ्याच्या आधीच्या बाजूला, जुहूत ठेवावे असा विचार आहे. जुहूच्या छोट्या विमानतळावरील हेलिकॉप्टरांमुळे ती जागा बाद ठरेल का, एवढे कणमोजणी यांनी सांगावे.