मदत हवी आहे : कम्युनिटी कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकतेय, पोर्टफोलिओत देवनागरी ठेवावी का?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते. वय ३९, कोल्हापूरची बी.कॉम. सहा वर्षं एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) घरीच होते. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीनकार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात आलं. मनात असलेलं आधी शिकून घ्यावं, नोकरीचं मग बघू, असं ठरवून इथल्या कम्युनिटी कॉलेजात ग्राफिक डिझाइनला नाव घातलं. दोन सेमिस्टर झाली. राज्यातल्या रहिवाशांना युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर फी आहे, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला पडतो. वर्गात अठरा वर्षांची मुलं आहेत, रात्रपाळी करून थेट येणारी एक नर्स आहे, सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मला तिथे फार आवडतं.

थोडं मागचं सांगते, त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. इचलकरंजीत बाबांचा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन आणि भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केसेस. तिसरी-चौथीत असताना शाळेतून आले की मी खिळे जुळवणाऱ्या जुळारीकाकांशेजारी स्टुलावर बसायचे आणि छापून झालेले खिळे ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे. उलटं अक्षर वाचायला तिथेच शिकले. लग्नसराईत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ इतक्या वेळा लागायची की बाबा ती सोडवायचेच नाहीत. सुतळीने बांधून बाजूला ठेवलेली असायची. मामाच्या जागी काका किंवा मावशी घातली की झालं.

या सेमिस्टरला टायपोग्राफीच्या वर्गात पोस्टर करायचं आहे. फक्त अक्षरं, दोन रंग, चित्र नाही. मी तीच ओळ घेतली, वर मोठ्या अक्षरात ‘शुभविवाह’. इलस्ट्रेटरमध्ये टाकली तर ‘वि’ची वेलांटी व च्या पुढे जाऊन बसली, ‘च्या’ फुटला, ‘लग्न’चा ग पाय मोडलेला आणि न वेगळा. शेवटी एकेक जोडाक्षर हाताने जोडून, आउटलाइन करून कसंबसं पूर्ण केलं.

क्रिटिकला सगळ्यांची कामं भिंतीवर टाचून लावतात आणि प्रत्येकाच्या कामावर सगळे बोलतात. आमच्या बाईंना देवनागरीचं एक अक्षर येत नाही. तरी माझ्या पोस्टरसमोर त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, मला वाचता येत नाही, पण या दोन ओळी एकमेकींच्या अंगावर पडतायत. बरोबर होतं त्यांचं! इंग्रजीच्या हिशोबाने ओळींत अंतर सोडलं होतं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारांना भिडत होते. घरी येऊन फोटो बाबांना पाठवला. त्यांनी दुसरंच पकडलं : “हा ल हिंदीचा आहे. आपल्याकडे असा ल कधी लागला नाही.”

आता प्रश्न. आमच्याकडे सर्टिफिकेट करता येतं किंवा ६० युनिटांची असोसिएट डिग्री. पुढे चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफरही घेता येते. या वयात मी कुठवर जावं? त्याहून मोठा प्रश्न असा की, पोर्टफोलिओत हे पोस्टर ठेवावं का? वर्गातल्या एका मुलाचं म्हणणं, मुलाखत घेणाऱ्याला वाचता येत नसेल तर ते काम फुकट. मला ते पटत नाही, पण नोकरी मला खरोखर हवी आहे. या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. आणि ती वेलांटी जागेवर कशी आणायची तेही.

— पेटीतलाखिळा

निळीशाई :

ताई, आधी वेलांटी. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडा आणि ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर टिक करा. मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर (ओळीत अक्षरं जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये त्याचं नाव ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’. फॉन्ट युनिकोडच घ्या. हाताने जोडाक्षरं जोडत बसू नका.

ल बद्दल तुमच्या बाबांचं शंभर टक्के खरं आहे. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, हेच राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही आहे. काही फॉन्टांमध्ये दोन्ही रूपं असतात, पण भाषा मराठी निवडल्याशिवाय आपलं रूप येत नाही. गूगल फॉन्ट्सवर ‘तिरो देवनागरी मराठी’ खास मराठीसाठीच आहे, तो लावून बघा.

मीही कम्युनिटी कॉलेजातूनच आलो आणि आता माणसं निवडायला बसतो. पोस्टर ठेवा, पण नुसतं पोस्टर नको. बिघडलेली पहिली प्रत, ओळींमधलं अंतर कसं वाढवलं, आधीचा ल आणि नंतरचा ल, हे सगळं शेजारी मांडा. वाचता न येणाऱ्यालाही तुमची नजर दिसेल. बाकी आठ-नऊ कामं इंग्रजी असू देत, त्यात एखादं खऱ्या गिऱ्हाइकाचं हवंच.

ट्रान्सफरचा विचार असेल तर कुठले विषय पुढे धरले जातात ते असिस्टच्या संकेतस्थळावर आत्ताच बघा. सॅन होजे स्टेट विद्यापीठात ग्राफिक डिझाइनची बीएफए (कलेची पदवी) आहे, तुम्हाला जवळही पडेल. बी.कॉम.चं मूल्यमापन करून काही विषय सुटतात का, ते काउन्सेलरला विचारा. हे न विचारल्यामुळे माझं एक सेमिस्टर वाया गेलं होतं.

पेटीतलाखिळा :

निळीशाई, मनापासून आभार. कंपोझर बदलला आणि वेलांटी आपोआप जागेवर आली, मी टेबलावर हात आपटला इतका आनंद झाला. सर्टिफिकेट या वर्षात पूर्ण करते, काउन्सेलरची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

नवा फॉन्ट लावून, ओळी मोकळ्या करून बाबांना परत पाठवलं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला असणार, कारण उत्तर अर्ध्या तासाने आलं : “ल बरोबर. पण ‘यायचं’ आणि ‘हं’ जरा लांब पडलेत. आम्ही तिथे पातळ स्पेस टाकायचो.” ती पातळ स्पेस इलस्ट्रेटरमध्ये कुठे मिळेल?