फळ न देणारा फाटा मीच आहे का? (योहान १५)

नगरची सून

सलाम. रात्रीचे सव्वाबारा झालेत, वेडंवाकडं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. वेदीसमोर ऊस, भोपळे, पाय बांधलेला एक कोंबडा, नंतर लिलाव, सगळं नेहमीसारखं. उपदेश योहान १५ वर होता, येशू द्राक्षवेल, आपण तिचे फाटे आणि देव माळी, तो भाग. "फळ न देणारा प्रत्येक फाटा तो काढून टाकतो." मग वर्षाचा हिशेब वाचला: तरुण संघाने किती पत्रकं वाटली, महिला संघाच्या किती गृहसभा झाल्या, किती आत्मे, म्हणजे नवी माणसं, विश्वासात आले. आणि पाळकसाहेब म्हणाले, काही जण नुसती पानं मिरवत बसलेत. नाव घेतलं नाही, पण कितीतरी महिन्यांनी मी उपासनेला शेवटपर्यंत बसले होते, त्यामुळे दोन-तीन माना वळल्याच.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोवर मी शब्बाथ शाळेत लहानांचा वर्ग घ्यायचे, गायनमंडळात होते. आता दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी करायची, चमच्याने खिमट भरवायचं. आमचे हे चाकणला, शनिवारी रात्री येतात.

हीच तुझी सेवा, हेच फळ, असं कुणी म्हणेल. अडचण तिथेच आहे. मंगळवारी त्यांनी तिसऱ्यांदा घास माझ्या अंगावर थुंकला. मी चमचा भिंतीवर भिरकावला आणि नको ते बोलले. त्या नुसत्या बघत राहिल्या. चमचा वाकलाय, अजून तोच वापरते. रात्री गलतीकरांस ५ मधली आत्म्याच्या फळाची यादी काढून बोटांवर मोजलं: सहनशीलता, ममता, सौम्यता, इंद्रियदमन. नवातले चार एका दुपारीच गेले.

मोजायला बाहेरचं फळ नाही, आत हे असं. मग मी कुठला फाटा?

बागवान निफाड

ताई, मला उपदेश जमत नाही. बावीस वर्षं द्राक्ष करतोय, तेवढंच सांगतो.

आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणी झाली की बागेत नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड आडवे हात, उरतात, वर ऊन रणरणतं. मुंबईचा पाहुणा हमखास विचारतो, बाग मेली का? पुढे फुटवे येतात, काडी तयार होते, आणि त्या वेळी तिच्यावर एक मणी दिसत नाही. चार-पाच महिने नुसता पाला. पण घड त्याच दिवसांत, मे-जूनमध्ये, काडीच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात, आत बसत असतो. ऑक्टोबरनंतर जो दिसतो तो तिथे आधीच असतो. त्या दिवसांत येऊन कुणी म्हणालं की ही नुसती पानं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावीन.

येशूच्या देशात दोन छाटण्या नसतात, हेही सांगायला हवं. तिकडे थंडीत झाड झोपतं, एकदाच छाटतात. उदाहरण फार ताणू नये. पण आदल्या हंगामात घड डोळ्यात बसतो, हे तिकडेही तसंच.

चमच्याचं म्हणाल, तर फळछाटणीनंतर फुटव्याच्या वेळी ढगाळ हवा आणि पाऊस लागला की आलेला घड जिरतो. डोळ्यादेखत त्याची बाळी, म्हणजे वेलीचा नुसता आधाराचा तंतू, होते. जीव हळहळतो. पण त्यासाठी कुणी झाड उपटत नाही. आणि एका झाडावर झेपेल त्यापेक्षा जास्त माल ठेवला की पुढच्या वर्षी ते थकतं. माझ्या बापाने लोभापायी एकदा हे केलं होतं, दोन वर्षं निस्तरत होतो.

काठावर पास

पुण्यात सेमिनरीला आहे, ग्रीकमध्ये नाव सार्थ करतोय. तरी तीन गोष्टी.

"काढून टाकतो" साठी मुळात 'आयरेई' आहे. त्याचा अर्थ उचलणे असाही होतो, म्हणून काही भाष्यकार म्हणतात की माळी लोळणारा फाटा उचलून बांधतो. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. सहाव्या वचनात वाळलेले फाटे अग्नीत जातात, ते कुठे लपवणार? बहुतेक भाषांतरं काढून टाकणेच म्हणतात.

मात्र त्याच वचनात पुढे, फळ देणाऱ्या फाट्याला तो 'साफसूफ करतो', हे 'काथाइरेई', आणि तिसऱ्या वचनातलं "तुम्ही शुद्ध झालेला आहा" मधलं शुद्ध त्याच धातूचं आहे. म्हणजे ज्यांना सांगतोय त्यांची साफसफाई झालीच आहे, असं तो आधीच म्हणतोय. आणि चार ते दहा वचनांत 'राहणे' हे क्रियापद दहा वेळा येतं. आज्ञा 'माझ्यामध्ये राहा' अशी आहे. 'फळ द्या' असा हुकूम तिथे कुठेच नाही.

तिसरं, गलतीकरांस पत्रात पौल देहाची 'कर्मे' अनेकवचनी लिहितो, आत्म्याचं 'फळ' एकवचनी. नऊ फळांची टोपली नाही ती. चार गेली, पाच उरली, असा हिशेब बसत नाही.

शांतामावशी

पाळकसाहेबांवर सगळे तुटून पडाल म्हणून आधीच सांगते. रोमकरांस १:१३ मध्ये पौलालाही विदेश्यांमध्ये फळ हवंच आहे. साक्ष देणं, माणसं आणणं हे फळच. फक्त हिशेब कधी लावायचा? पंडिता रमाबाईंनी केडगावात वर्षानुवर्षं खपून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यांच्या मंडळीच्या अहवालात दरसाल काय लिहायचं होतं?

आता कामाचं. मी एकतीस वर्षं नर्स होते. पोरी, तुझ्या सासूबाई थुंकतात तो हट्ट नसेल. झटक्यानंतर पुष्कळांना नीट गिळता येत नाही. आडवं ठेवून भरवू नकोस. पाठीला उशा देऊन ताठ बसव, हनुवटी थोडी खाली, लहान चमचा, घास चांगल्या बाजूच्या गालात, म्हणजे डावीकडे. खिमट पातळ नको, दाटसर ठेव. एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. नंतर अर्धा तास बसवूनच ठेव. ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज घरघरत असेल तर डॉक्टरांना दाखव, छातीत अन्न जाऊन न्यूमोनिया होतो.

आणि गलतीकरांस ५ वर थांबलीस, पान उलटून ६:२ वाच. "एकमेकांची ओझी वाहा." तुमच्या महिला संघाच्या इतक्या गृहसभा झाल्या, त्यातली एक तुझ्या घरी झाली का? आठवड्यातून एक दुपार तुझ्या जागी कोण बसतं?

नगरची सून

कुणी बसत नाही, मावशी. मीही कधी बोलले नाही. अध्यक्षबाईंचा नंबर दोनदा काढला आणि ठेवून दिला.

आज सकाळी तीन उशा लावून बसवलं. डावीकडून भरवलं. अकरा चमचे गेले, थुंकल्या नाहीत. चार वर्षं मी त्यांना हट्टी समजत होते. ह्याचं काय करायचं ते अजून कळत नाही.

बागवान दादा, एक विचारू? डोळ्यात घड बसलाय की नाही, हे छाटणीआधी तुम्हाला कळतं कसं?

बागवान निफाड

काड्या प्रयोगशाळेत नेतो, ताई. तिथे डोळा ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

नगरची सून

म्हणजे बघितलेला डोळा गेलाच की.

बागवान निफाड

गेलाच. म्हणून आठ-दहा काड्याच नेतो, अख्खी बाग नाही.