मदत हवी आहे: फॉन झेब्रा फिंचच्या मादीला अंडं अडकलं होतं, आता खाणं आणि पिंजरा कसा ठेवू?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहते, सातवा मजला, खाडीकडची बाजू. झेब्रा फिंचची एक जोडी आहे, नर दिसायला साधा ग्रे पण फॉनला स्प्लिट (म्हणजे फॉनचं जनुक अंगात लपलेलं) आणि मादी फॉन, म्हणजे फिकट तपकिरी रंगाची. फॉन हे सेक्स-लिंक्ड (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचं) असल्यामुळे या जोडीतून साधारण निम्मी पिल्लं फॉन यायला हवीत, नरांतही आणि माद्यांतही, म्हणूनच मुद्दाम ही जोडी लावली होती. मार्चमध्ये पाच अंड्यांतून चार पिल्लं निघाली, मे महिन्यात तीन, सगळी छान उडायला लागली आणि मी खूश होते.

आता तिसऱ्या वेळेस दुसरं अंडं अडकलं. सकाळी कापड काढलं तर बाई पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होतेय. मला काहीच सुचेना, छोट्या खोक्यात घालून बाहेरून बल्बची ऊब दिली आणि तशीच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे पळाले. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि दुपारी अंडं बाहेर आलं, कवच असं मऊ की बोट लावलं तर दबत होतं. वाचली ती, पण अजून झोपाळू आहे आणि मला रात्री दोनदा उठून बघायला लागतं.

खाणं सांगते. राळा (दुकानवाला कांगणी म्हणतो) आणि थोडी बाजरी कायम भरलेली. मोड आलेला राळा आणि उकडलेलं अंडं रोज, कारण पिल्लांसाठी चांगलं म्हणतात. पालक पण रोज. पिंजरा दोन फुटी आहे, हॉलमध्ये काचेच्या खिडकीजवळ, पाऊस आत येतो म्हणून जूनपासून खिडकी बंदच. काथ्याचं घरटं मी मार्चपासून काढलेलं नाही. नर परत गवताच्या काड्या तोंडात घेऊन फिरायला लागलाय आणि मला भीती वाटतेय. एक ओळखीचे गृहस्थ तुरेवाली जोडी पण देतायत, नर मादी दोघांना तुरा, ती घ्यावी का?

प्रतिसाद १:

ताई, आधी घरटं काढा, आजच. पाच महिन्यांत तिसरा क्लच (अंड्यांची खेप) आहे हा, तिच्या हाडांतलं कॅल्शियम संपत आलंय. अंडी पिंजऱ्यात राहिली असतील तर तीही उचला. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला, तिकडे पाऊस पडून गवताला बी धरलं की लगेच घरटी बांधायला घेतो. म्हणजे मोड आलेलं धान्य आणि अंडं रोज मिळत राहिलं की त्याच्या अंगाला वाटतं सुगी आली, घाला अंडी. म्हणून विश्रांतीच्या दिवसांत फक्त सुकं धान्य, पालेभाजी आणि कॅल्शियम. हॉलचा लाईट रात्री किती वाजेपर्यंत असतो? अकरा-बारा वाजत असतील तर साडेसातलाच पिंजरा झाका, लांब दिवससुद्धा त्यांना अंड्यावर आणतो.

पालक बंद करा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, पोटात गेलेलं अंगी लागत नाही. मेथी, कोथिंबीर द्या, शेवग्याचा पाला मिळाला तर फारच उत्तम. समुद्रफेस काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, दिवसभर पाण्यात भिजवून खारटपणा घालवा, वाळवा आणि कायम टांगून ठेवा. अंड्याची कवचं दहा मिनिटं उकळून वाळवून बारीक कुटलेली वेगळ्या वाटीत. राळा बाजरीत कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, त्यामुळे नुसत्या धान्यावर अंडी घालणारी मादी ढासळतेच. मात्र पुढच्या वेळी अडकलं तर पोटावर दाबून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर पक्षी जातो. तुम्ही ऊब देऊन डॉक्टर गाठलात तेच बरोबर होतं.

प्रतिसाद २:

वरच्यांनी खाण्याचं सांगितलंच आहे, मी खिडकीचं सांगतो कारण नेरूळला मी हेच भोगलंय. कितीही समुद्रफेस दिला तरी डी३ जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि ज्या किरणांनी ते अंगात तयार होतं ती खिडकीच्या काचेतून येत नाहीत. माझी मादी भर उजेडात बसून अशीच गेली, कारण उजेड सगळा काचेतला होता. उघडीप मिळाली की सकाळी अर्धा तास पिंजरा ग्रिलजवळ, काच सरकवून, अर्ध्या भागावर सावली करून ठेवा. कावळे आणि मांजर आहेत, तेव्हा तुम्ही जवळच बसा. पाऊस सलग असेल तर डॉक्टरांना विचारून डी३ असलेलं कॅल्शियम द्या, मात्रा तेच सांगतील.

पिंजरा बदला. फिंच वर चढत नाही, आडवा उडतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी हवी, एका जोडीला तीन फूट तरी. स्वयंपाकघराजवळ नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्या धुराने पक्षी मिनिटांत मरतात. पावसाळ्यात धान्य थोडं थोडं आणा, हवाबंद डब्यात ठेवा, कुबट वास आला की फेकून द्या, त्या बुरशीने यकृत जातं. आणि मोड आलेलं धान्य या हवेत दोन-तीन तासांत काढून घ्यायचं.

तुरेवाल्यांची जोडी म्हणून घेऊ नका. तुऱ्याचं जनुक दोन्हीकडून आलं की ते भ्रूण अंड्यातच मरतं, म्हणजे दर चार अंड्यांतलं सरासरी एक वाया. एकाला तुरा आणि दुसरा साधा असं लावलं तरी निम्म्या पिल्लांना तुरा येतोच.

धागाकर्ती:

खूप खूप आभार. घरटं काढलं, पालक बंद, काल सकाळी ऊन पडलं तेव्हा ग्रिलपाशी बसून राहिले, ती पंख पसरून बसली होती, पाहून डोळ्यांत पाणी आलं. लाईट खरंच बारापर्यंत असायचा, आता नाही. एकच विचारायचं राहिलं: नराला वेगळं काढू का? तो दिवसभर तिच्याशेजारीच असतो, एकटा पडला तर ओरडत बसेल.

प्रतिसाद २:

मोठा पिंजरा आला की मधे जाळीचं पार्टिशन टाका. एकमेकांना दिसतील, आवाज ऐकू येईल, शेजारी बसतील, पण मीलन होणार नाही. तीन महिने तरी तसंच ठेवा, आणि घरटं परत लावायच्या आधी दोन-तीन आठवडे मोड आणि अंडं हळूहळू सुरू करा.